गुपचूप दवंडी

नोकरी नसलेल्या माणसाला निदान उघडपणे नोकरी शोधता येते. मावशी कुणाच्या तरी कानावर घालते, शेजारचे काका बायोडेटा स्वतःहून मागून नेतात आणि हरवतात, चारचौघं हळहळतात. हातात नोकरी असताना दुसरी शोधणाऱ्याची पंचाईत वेगळीच. 'मी मिळू शकतो हो' हे त्याला अख्ख्या गावाला ओरडून सांगायचं असतं, फक्त एका माणसाला ते कळू द्यायचं नसतं आणि तो माणूस नेमका समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. दवंडी तर पिटायची, पण हलगी वाजता कामा नये.

या अशक्य कामासाठी आता सोयी झाल्या आहेत म्हणे. लिंक्डइनवर आपल्या फोटोभोवती हिरवी चौकट लावता येते. ती लावली की जगाला कळतं की गडी रिकामा आहे किंवा होऊ पाहतोय. भित्र्या लोकांसाठी दुसरा पर्याय आहे: ही गोष्ट फक्त भरती करणाऱ्यांनाच दिसावी. तो निवडायला गेलं की साइट प्रामाणिकपणे सांगते, तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांना हे दिसू नये म्हणून आम्ही काळजी घेतो, पण पूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही. 'कुणाला सांगू नकोस' असं मी आईला बजावलं होतं, तेव्हा तिनेही साधारण हेच उत्तर दिलं होतं.

नोकरी डॉट कॉम तर १९९७ पासून आहे, म्हणजे आमच्या हिंजवडीला ट्रॅफिक जॅम लागायच्या आधीपासून. तिथली एक खुबी प्रत्येक इच्छुकाला ठाऊक असते. ज्याने प्रोफाइलमध्ये नुकताच काही बदल केलाय त्याचं नाव यादीत वर दिसतं, असा सगळ्यांचा पक्का समज आहे. आता माणसाच्या आयुष्यात रोज बदलण्यासारखं काय घडतं? म्हणून मग सकाळी चहा पिता पिता बायोडेटामधला एक पूर्णविराम काढायचा आणि जतन करायचं. दुसऱ्या दिवशी तो परत घालायचा. ज्ञानात कणाची भर नाही, पण कंपन्यांच्या दृष्टीने माणूस सतत ताजा. या पूर्णविरामाइतके नियमित कष्ट मी माझ्या कुठल्याच कौशल्यावर घेतलेले नाहीत.

ताज्या माणसाला मग फोन येऊ लागतात, आणि ते कधी येतात याला काही शास्त्र असावं. जेवणाच्या सुट्टीत नाही, संध्याकाळी बसमध्ये नाही. टीमची सकाळची मीटिंग ऐन रंगात आलेली, साहेब आपल्याकडे बघून 'तुझं काय झालं?' असं विचारतायत, आणि खिशात नोएडा थरथरतंय. फोन उचलला की पलीकडची गोड मुलगी विचारते, 'सर, आत्ता बोलू शकता ना?' तिला काय सांगणार? 'हं, बोल गं आई' म्हणत आपण जिना गाठतो. त्या मुलीलाही एव्हाना सवय झालेली असते. ती आई म्हटल्याचं मनावर घेत नाही, थेट सध्याचा सीटीसी, म्हणजे एकूण वार्षिक पगार, विचारते.

काचेच्या इमारतींमध्ये जिना ही एकच खाजगी जागा उरली आहे, कारण लिफ्ट असताना जिन्याने कोण जातं? जाणारे दोनच प्रकारचे. डॉक्टरने चालायला सांगितलेले आणि नोकरी शोधणारे. शिवाय जिना घुमतो. एकदा मी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर उभं राहून, भिंतीकडे तोंड करून घासाघीस करत होतो. 'तीस... नाही हो, तिसाच्या खाली परवडत नाही... बरं, पंचवीस, पण त्याच्या खाली अजिबात नाही.' चालायला सांगितलेल्यांपैकी एक सहकारी धापा टाकत वर आला आणि कौतुकाने थांबला.

'काय घेतोयस रे?'

'हापूस.'

'ऑगस्टमध्ये?'

तो निमूटपणे वर निघून गेला. पण चौथ्या मजल्यावरून त्याचा आवाज खाली घुमत आला, 'हं, बोल गं आई.' त्याला चालायला सांगणारा डॉक्टर कोण होता ते मला तेव्हा कळलं.

मुलाखतीचा कॉल आला की रजेचा प्रश्न. रजेची कारणं ही मोठी मर्यादित मालमत्ता आहे. आज्या दोनच असतात, आणि बहुतेकांच्या पहिल्या दोन नोकऱ्यांतच खर्ची पडलेल्या असतात. म्हणून जाणकार माणसं रूट कॅनालकडे वळतात. रूट कॅनालला तीन-चार बैठकाही लागू शकतात हे सर्वांना माहीत असतं, कुणी दाखला मागत नाही आणि परत आल्यावर फारसं बोललं नाही तरी चालतं. माझ्या दातांबद्दल ऑफिसात सध्या खरी हळहळ आहे. एकाने लवंगतेलाची बाटली आणून दिली. ती ड्रॉवरमध्ये आहे. ड्रॉवर उघडला की वास येतो आणि मला माझ्या नीचपणाची आठवण होते.

कपड्यांचीही गोची होतीच. जिथे सारं ऑफिस टी-शर्टवर वावरतं तिथे एखाद्या मंगळवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेलं की दारातच 'काय, आज इंटरव्ह्यू वाटतं!' अशी थट्टा होते. थट्टा करणाऱ्याला काही म्हणायचं नसतं, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आता कोविडनंतर पहिल्या फेऱ्या बहुतेक व्हिडिओवर होतात, त्यामुळे कमरेच्या वर इस्त्री असली की भागतं. पण व्हिडिओ लावायचा कुठे? जिन्यात घुमतं आणि ऑफिसातल्या मीटिंगच्या खोल्या काचेच्या. राहता राहिली आपली गाडी आणि बेसमेंट.

बेसमेंटमधल्या मुलाखतीचं दृश्य कुणीतरी एकदा चितारायला हवं. मागच्या सीटवर हँगरला शर्ट टांगलेला. तो सीटवर अवघडून बदलायचा. फोन डॅशबोर्डवर टेकवायचा, तो घसरू नये म्हणून खाली मुलाच्या कंपासपेटीचा टेकू. डोक्यावर गाडीतला दिवा, म्हणजे चेहरा पोलीस चौकीत बसवल्यासारखा दिसतो. एसी लावायचा तर इंजिन चालू हवं, बंद ठेवायचं तर घाम. रेंज खांब क्रमांक बी-१४ पाशीच मिळते, हे इच्छुकांना तोंडपाठ असतं, त्यामुळे ती जागा सकाळी लवकर येऊन धरावी लागते. इतक्या लवकर ऑफिसला आल्याबद्दल माझी मीटिंगमध्ये तारीफ झाली होती.

मुलाखत घेणारा विचारत होता, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?' तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बेसमेंटचा रखवालदार. मी म्यूट करून काच खाली केली. 'साहेब, इंजिन बंद करा, धूर होतोय,' तो म्हणाला. मग आत डोकावून त्याने शर्ट पाहिला, डॅशबोर्डवरचा फोन पाहिला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, 'असं होय. चालू द्या, चालू द्या. कालच्या मॅडमनी पण इथंच दिला. झाला त्यांचा.' इमारतीतून कोण जाणार हे एचआरला कळण्याच्या किती तरी आधी बेसमेंटला कळलेलं असतं. हा माणूस उद्या तोंड उघडेल तर अर्धी कंपनी घरी बसेल. तो उघडत नाही. लिंक्डइनला जी हमी देता येत नाही ती पंधरा हजारांतला हा मनुष्य फुकट देतो.

हे सगळं माझ्या बाबांना समजावून सांगणं मी सोडून दिलं आहे. ते वीज मंडळातून रिटायर झाले. जून २००५ मध्ये राज्य विद्युत मंडळाचं विभाजन होऊन वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तेव्हा बाबा रात्री मंडळाचे कर्मचारी म्हणून झोपले आणि सकाळी महावितरणचे कर्मचारी म्हणून उठले. टेबल तेच, पंख्याचा खडखडाट तोच. 'कंपनी मीसुद्धा बदलली आहे,' असं ते अजून ऐकवतात, 'पण चहावाल्याच्या पोरालाही पत्ता लागला नाही.' त्यांच्या काळी ऑफिसातल्या कुणाला दुसऱ्या सरकारी खात्यात जायचं असलं तर तो अर्ज 'योग्य मार्गाने' करायचा. म्हणजे आपल्याच साहेबाच्या सहीने पुढे पाठवायचा, सोबत ना हरकत प्रमाणपत्र. साहेब फाइल सहा महिने दाबून ठेवायचा हा भाग निराळा, पण लपवाछपवी नाही! आपण याला नको झालोय हे साहेबाला माहीत, साहेबाला ते माहीत आहे हे याला माहीत, आणि तरी दोघं चार वाजता एकत्र चहा पितायत. मला हे फार उदात्त वाटतं. बाबांना मात्र माझा मूळ प्रश्नच कळत नाही. 'काढतायत का तुला?' 'नाही.' 'पगार वेळेवर?' 'हो.' 'मग?'

या 'मग?'ला खरं तर माझ्याकडेही धड उत्तर नाही. नोकरी डॉट कॉमच्या जुन्या जाहिरातीतल्या हरी साडूसारखा छळवादी साहेब असता तर काम किती सोपं झालं असतं! माझा साहेब चांगला आहे. चितळ्यांची बाकरवडी आणतो, मुलाच्या परीक्षेला सुट्टी देतो, दाताची चौकशी करतो. जायचं कारण इतकंच की माझ्यानंतर लागलेल्या मुलाला माझ्याहून जास्त पगार मिळतो, कारण तो बाहेरून आला. कंपनीत राहणाऱ्याला वर्षाकाठी आठ-नऊ टक्के मिळाले तर साखर वाटायची आणि येणाऱ्याला मात्र तीस टक्के द्यायचे, ही आमच्या धंद्याची रीत. म्हणजे आपली किंमत आपल्याच घरात कळावी यासाठी आधी दुसऱ्याच्या घरी जाऊन यावं लागतं. पुष्कळ जण जाऊनही येतात. तीच टीम, तीच खुर्ची, दोन वर्षांनी, दीडपट पगारावर. त्यांच्या स्वागताला केक कापतात.

बरं, दीडपट म्हणजे हातात किती, हा आणखी एक चकवा. सीटीसी या आकड्यात कंपनी काय काय घालेल याला धरबंध नाही. पीएफमधला कंपनीचा वाटा त्यात, विमा त्यात, आणि ग्रॅच्युइटीसुद्धा त्यात, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. ही ग्रॅच्युइटी १९७२च्या कायद्यापासून कायम नोकरीवाल्यांत सलग पाच वर्षं काढणाऱ्यालाच द्यावी लागते. दोन-दोन वर्षांनी उड्या मारणाऱ्या आमच्यासारख्यांना दर कंपनी ती कागदावर देते, आणि आम्ही ती न घेता पुढे जातो. आमच्या मजल्यावर एक जण चार वर्षं पूर्ण करून बसला आहे. त्याला रोज कुठून ना कुठून फोन येतात, पण तो पाचवं वर्ष जपतोय. गरोदर बाईसारखी सगळे त्याची काळजी घेतात, रागावू देत नाहीत, न जाणो चिडून राजीनामा टाकायचा.

पण या साऱ्याच्या वर बसला आहे तो नोटीस पीरियड. आयटीत तो बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांचा असतो. राजीनामा दिल्यावर तीन महिने थांबायचं. आणि नोकऱ्यांच्या साइटवर भरती करणाऱ्यांसाठी चाळणी असते: पंधरा दिवसांत येणारे, महिन्यात येणारे, दोन महिने, तीन महिने, आणि 'सध्या नोटीसवर'. सगळ्यांना हवा असतो तो पंधरा दिवसांतला किंवा नोटीसवर बसलेला. म्हणजे ऑफर हवी तर आधी राजीनामा द्या. राजीनामा द्यायचा तर हातात ऑफर हवी, कारण घराचा हप्ता पाच तारखेला जातो आणि त्याला नोटीस पीरियड नाही. जो धीर करून आधी राजीनामा टाकतो त्याच्याभोवती मग इतके दिवस फिरकले नव्हते ते सगळे गोळा होतात. नव्वद दिवसांत तो तीन ऑफर जमवतो, सर्वांना होकार देतो आणि एकाकडे जातो. उरलेल्या दोन कंपन्या उमेदवारांच्या बेइमानीबद्दल हळहळतात.

गंमत ही की नव्वद दिवसांचा उमेदवार नको म्हणणाऱ्या प्रत्येक कंपनीने स्वतःच्या माणसांना नव्वद दिवसांनीच बांधून ठेवलंय. मी हे वरवर ऐकून सांगत नाही. गेल्या महिन्यात साहेबांनी मोठ्या विश्वासाने मला भरतीच्या पॅनेलवर घेतलं. 'तुला इथलं काम नीट माहीत आहे, शिवाय तू कुठे जाणारा नाहीस,' असं म्हणाले. त्यामुळे हल्ली दुपारी तीनला मी आमच्या कंपनीसाठी माणसं तपासतो आणि चार वाजता बी-१४ वर जाऊन स्वतः तपासून घेतो.

परवाचा मुलगा उत्तम होता. डेटाबेसवरच्या प्रश्नाला त्याने जे उत्तर दिलं ते मला स्वतःला आलं नसतं, मी ते चारच्या मुलाखतीसाठी टिपूनही घेतलं. त्याच्या खांद्यामागे सीटबेल्ट दिसत होता. सगळं झाल्यावर मी रीतीप्रमाणे विचारलं, 'नोटीस पीरियड?'

'नव्वद दिवस, सर. पण निगोशिएबल आहे.'

मीही सगळीकडे हेच सांगतो, आणि ते निगोशिएबल नसतं. मी शिफारस लिहिली, दोन ओळी जास्तच लिहिल्या. पाच मिनिटांत एचआरचा निरोप आला: 'मुलगा छान आहे, पण तीन महिने कोण थांबणार? पंधरा दिवसांतला कोणी असेल तर बघा ना तुमच्या ओळखीत.'