प्रेरणार्थ्यासाठी शिरपूर: अधिकार, काळ, विधी आणि निषेध

भिंतीला कोणता रंग द्यावा, ताटात काय वाढावे, बैठकीत काय टांगावे आणि सुटीत कोठे जावे या प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या घरात न शोधता दुसऱ्याच्या गावात शोधणाऱ्या व्यक्तीस प्रस्तुत निबंधात ‘प्रेरणार्थी’ म्हटले आहे. विद्यार्थ्याला विद्या मिळण्यास वर्षे लागतात. प्रेरणार्थ्याला मात्र प्रेरणा रविवारी संध्याकाळच्या परतीच्या गाडीपूर्वी मिळावी लागते, आणि म्हणूनच त्याला शिस्तबद्ध मार्गदर्शनाची गरज अधिक आहे. जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत असे, म्हणजे ग्रंथ कोणासाठी आहे, कशाविषयी आहे, कशासाठी आहे आणि या तिहींचा परस्परांशी संबंध काय, हे आधी स्पष्ट करीत. त्या रीतीनुसार येथील अधिकारी हा ज्याच्या फोनमध्ये अद्याप जागा शिल्लक आहे असा मनुष्य होय, विषय धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे तालुक्याचे गाव होय, आणि प्रयोजन पुण्याच्या किंवा ठाण्याच्या दिवाणखान्यातील एक रिकामी भिंत होय. संबंध तेवढा अद्याप सिद्ध व्हायचा आहे.

शिरपूरच का, असा पूर्वपक्ष येथे संभवतो. युनेस्कोने २००४ साली सर्जनशील शहरांचे जाळे सुरू केले, ज्यात हस्तकला, संकल्पन, चित्रपट, पाककला, साहित्य, माध्यमकला आणि संगीत अशा क्षेत्रांत नाव कमावलेल्या शहरांना स्थान मिळते. जयपूर आणि वाराणसी त्यात २०१५ साली आली, मुंबई आणि हैदराबाद २०१९ साली. या यादीत शिरपूर नाही, आणि प्रेरणार्थ्याच्या दृष्टीने हीच त्याची मुख्य पात्रता समजावी, कारण यादीतल्या शहरातून आणलेली प्रेरणा शेजारच्या फ्लॅटमध्ये आधीच लटकत असते.

मार्गाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. शिरपूरला रेल्वे नाही. सुरत–भुसावळ मार्गावरील नरडाणा हे त्यातल्या त्यात जवळचे स्थानक, आणि धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने एसटीचा प्रवास सुमारे ५० किलोमीटरचा. धुळ्यात थांबण्याचा मोह झाल्यास तो आवरू नये. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने तेथे नवी पेठ सरळ रेषेत आखली, आणि तेथील गल्ल्यांना आजही नावाऐवजी नंबरानेच ओळखतात. किमानवाद, म्हणजे वस्तू कमी ठेवून त्या कमी आहेत हे पाहुण्यांच्या लक्षात येईल अशी व्यवस्था करणे, शिकण्यासाठी परदेशी जाणाऱ्यांनी ‘गल्ली नंबर चार’ या पत्त्यापुढे क्षणभर उभे राहण्यास हरकत नाही. पुढे सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडली की शिरपूर येते.

काळाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. चित्रे चांगली यावीत असे वाटत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर योग्य. परंतु काही समजावे अशीही इच्छा असेल, जी प्रेरणार्थ्यांत क्वचित आढळते, तर मे महिन्याला पर्याय नाही. पारा ४४ अंशांच्या वर गेलेला असताना दुपारी दोन वाजता जो मनुष्य बाहेर रस्त्यावर आणि नंतर एखाद्या जुन्या धाब्याच्या घरात उभा राहतो, त्याला वास्तुशास्त्रावरील व्याख्यानाची गरज उरत नाही. धाबे म्हणजे सागाच्या खांबांवर आणि तुळयांवर लाकडी पाटण घालून त्यावर मातीचा जाड थर दाबून केलेले सपाट छप्पर, ज्याला इतरत्र माळवद म्हणतात. जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि हे छप्पर मिळून दिवसाची आग बाहेरच रोखून धरतात, तर रात्री त्याच छपरावर खाट टाकून घरातील माणसे झोपतात. एकाच वस्तूने दिवसा सावली द्यावी आणि रात्री शेज व्हावे, ही काटकसर ज्या बुद्धीतून निघाली तिला संकल्पन म्हणत नाहीत, कारण तिच्यासाठी कोणी शुल्क आकारले नव्हते.

प्रेरणार्थी या घरातून नेतो ते मात्र भिंतीचा पोत. शहरात परतल्यावर तो काँक्रीटच्या भिंतीवर मातकट रंगाचा खरबरीत लेप देववितो, त्यावर एक दिवा सोडतो आणि समोर वातानुकूलन यंत्र बसवितो. म्हणजे मातीने जे काम करायचे ते वीज करते आणि मातीकडे केवळ मातीसारखे दिसण्याचे काम उरते. यात त्याला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या घराचे छायाचित्र तो घेत असतो त्या घराचा मालक त्याच वेळी धाबे उतरवून स्लॅब टाकण्याच्या, पुढच्या बाजूला काच आणि चकचकीत पत्र्याचे ‘एलिव्हेशन’ करण्याच्या आणि आत पीओपीचे छत लावण्याच्या विचारात असतो, आणि पुण्याचा पाहुणा आयताच सापडला म्हणून त्याला तो चार नमुने दाखवावयास सांगतो. दोघेही एकमेकांच्या घरावरून प्रेरणा घेऊन समाधानाने निघतात, आणि पुढचा उन्हाळा दोघांनाही सारखाच जातो.

विधी म्हणजे वर्तनाचा क्रम, आणि त्याचे केंद्र ओटा होय. ओटा ही जागा रस्त्याचीही नसते आणि घराचीही पुरती नसते, म्हणून तेथे पाय ठेवण्यापूर्वी फोन खिशात ठेवून हात जोडावेत. ‘फोटू कसाले काढस, भाऊ?’ हा अहिराणीतील प्रश्न हमखास येतो. त्याला ‘सहज’ असे उत्तर देऊ नये, कारण ऐन दुपारी सहज कोणी हिंडत नाही हे विचारणाऱ्या आजोबांना ठाऊक असते. त्यानंतर गाव, आडनाव आणि कोणाकडचे पाहुणे यांची चौकशी होते, ती पूर्ण होऊ द्यावी. चहा नाकारू नये. छायाचित्र त्यानंतर, आणि तेही परवानगीने, घ्यावे. घरातील गोधडी आवडल्यास, म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकमेकांवर ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवलेले ते पांघरूण आवडल्यास, ते कोणी शिवले हे विचारावे. बहुतेक वेळा शिवणारी माय दोन हातांवर तांदूळ निवडत बसलेली असते. प्रेरणार्थ्यांच्या लेखनात वारंवार भेटणाऱ्या ‘अनाम कारागीर’ या प्रसिद्ध व्यक्तीची व्याख्या येथेच करता येते: ज्याचे नाव विचारले गेले नाही तो अनाम कारागीर. मायने नाव सांगितले, पण ते कोठे लिहू नको असेही सांगितले, तर न लिहिणे हाच शिष्टाचार; आणि गोधडी विकत हवी असल्यास तिने सांगितलेल्या किमतीवर घासाघीस करू नये, विशेषतः ज्या दुकानात ती ‘वारसा’ या नावाखाली विकली जाते त्या दुकानात घासाघीस न करणाऱ्याने.

आहाराविषयी एवढेच सांगणे पुरे की खानदेशी जेवण छायाचित्राला वश होत नाही. वरण-बट्टी म्हणजे पिवळ्यावर पिवळे असते, आणि शेवभाजीच्या लाल तर्रीत शेव बुडाली की काही मिनिटांत तिचा आकार जातो, तेव्हा प्रकाशाची दिशा शोधणाऱ्याला तिखट लापशी खावी लागते. अपवाद मांड्यांचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरसाबरोबर करावयाचे पुरणाचे मांडे हातांवरच फिरवून पसरवितात आणि उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. ही कृती इतकी देखणी असते की प्रेरणार्थी तिचे चलचित्र घेण्यात गुंततो आणि त्याच्या वाट्याचा मांडा वातड होतो. करणारीला ‘पुन्हा एकदा तसेच करा’ असे सांगणे निषिद्ध आहे, कारण चूल आणि मे महिना यांच्यामध्ये ती उभी असते.

निषेधांत सर्वांत महत्त्वाचा निषेध भोंगऱ्याचा. होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पायथ्याला भरणारे हे आदिवासी बाजार, जेथे पावरा आणि भिल्ल कुटुंबे होळीची खरेदी करतात आणि ढोल-बासरीवर नाचतात, त्यांना बाहेरच्या लेखकांनी ‘प्रेमाचा बाजार’ करून टाकले आणि या रंगवून सांगण्याला आदिवासींतूनच आक्षेप घेतला गेला. चांदीचे दागिने घातलेल्या मुलीकडे रंगसंगतीचा नमुना म्हणून पाहू नये. ती गूळ, हारडे आणि डाळ्या घेण्यासाठी आलेली असते.

ज्यांना ‘राजेशाही’ शैलीच हवी असते त्यांनी तालुक्यातील थाळनेरला जावे. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने १३७० साली मलिक राजा फारुकी याला थाळनेर आणि करवंद यांची जहागीर दिली आणि खानदेशच्या फारुकी घराण्याचा आरंभ येथे झाला; तापीच्या काठी त्यांच्या कबरी आहेत, त्यांतील एक अष्टकोनी आणि कोरीव. तेथील किल्ला १८१८ साली सर थॉमस हिस्लॉपच्या सैन्याने घेतला, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी दिले गेले. लता मंगेशकरांचे आजोळही थाळनेरचेच. एवढ्या गोष्टी एका गावात असताना प्रेरणार्थी अष्टकोनाची नक्षी तेवढी उतरवून घेतो आणि तिच्या फरशा पाडून घेतो, याविषयी फारुकींचे मत कळण्यास मार्ग नाही.

शिरपूरचे खरे संकल्पन मात्र यांपैकी कोणत्याच यादीत बसत नाही, कारण ते नाल्यात आहे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी शिरपूरचे राजकीय नेते अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळाने २००४च्या सुमारास जे काम येथे सुरू केले, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गेले. कल्पना अशी की मूळ नाला रुंद आणि खोल करावा, त्यावर ओळीने दरवाजे नसलेले, सांडवा नसलेले सिमेंटचे बंधारे घालावेत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू द्यावे, म्हणजे विहिरींची पातळी वाढते. पाणी नाल्याच्या पोटातच राहत असल्याने कोणाची जमीन बुडत नाही आणि कोणाला उठावे लागत नाही. तालुक्याचा उत्तर भाग बेसाल्ट खडकाचा आणि दक्षिणेचा तापीकाठ गाळाचा, ज्यात पाणी अडवून धरणारे पिवळ्या मातीचे थर आहेत. दोन्हीकडे पाणी मुरविण्याची युक्ती वेगळी, आणि ती जमीन पाहून ठरविलेली. पुढे अनेक ठिकाणी जे झाले ते प्रेरणार्थ्याच्या भिंतीसारखेच झाले. खोदकाम नेले गेले, भूगर्भाचा अभ्यास शिरपुरातच राहिला, आणि खडक न पाहता नाले खरवडल्याने भूजल उघडे पडते, बाष्पीभवन वाढते, खर्चही फार होतो असे आक्षेप तज्ज्ञांनी घेतले. पोकलेन यंत्राचे छायाचित्र चांगले येते. खडकाच्या थराचे येत नाही.

म्हणून प्रेरणार्थ्याने बंधाऱ्यावर जावेच, पण मे महिन्यात जावे. तेव्हा तेथे एक लांबट खड्डा, काही बाभळी आणि वाळलेला गाळ एवढेच दिसेल. शेजारच्या शेतातील विहिरीत मालकाला विचारून डोकावावे आणि पाणी किती हातांवर आहे ते तारखेसह वहीत लिहावे. शेतकरी अशा वेळी पाहुण्यांच्या सोसायटीला पाणी कोठून येते असा प्रतिप्रश्न करतो; त्याचे उत्तर घरून निघण्यापूर्वीच सोसायटीच्या चेअरमनला फोन करून मिळवून ठेवावे, आणि ते ‘टँकरने’ असे असल्यास विषय अदबीने कापसाच्या भावाकडे वळवावा.