पोलिश शब्द शेपटीकडून कसा धरावा

साहित्य : तांब्याभर पाणी, दोन्ही हातांची बोटे आणि रिकामी दुपार. कवळी असल्यास घट्ट बसवून घ्यावी.

सरावाला ‘कोन्स्तान्तिनोपोलीताञ्चिकोव्यानेच्का’ हा शब्द घ्यावा. पोलिश लिपीत अक्षरे ३२. अर्थ : कॉन्स्टँटिनोपलच्या रहिवाशाची छोटीशी कन्या. त्या शहराला आता पोलिश लोकही ‘स्ताम्बूव’ म्हणतात, पण जिभेच्या कसरतीसाठी ही पोर त्यांनी राखून ठेवली आहे.

प्रथम स्वर मोजावेत. जितके स्वर, तितके अवयव, म्हणजे उच्चाराचे तुकडे. व्यंजनांना इथे मताधिकार नाही. ‘झ्ज्ब्वो’, म्हणजे गवताचे पाते, कितीही काटेरी दिसले तरी एकाच अवयवाचे. स्वराआधीचा ‘इ’ पुष्कळदा नुसता व्यंजन मऊ करण्यापुरता येतो, तो धरू नये. आपल्या कन्येचे अवयव बारा भरतात : कोन्-स्तान्-ति-नो-पो-ली-ताञ्-चि-को-व्या-नेच्-का. ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर फार जपू नये. ‘शोस्त्रा’ म्हणजे बहीण. तिला शो-स्त्रा, शोस्-त्रा किंवा शोस्त्-रा अशी कुठेही तोडा, नियमाला तिन्ही मान्य. शुद्धलेखनात इतकी उदारता पाहून मराठी माणसाचे डोळे पाणावतात.

ते पुसून आघाताकडे वळावे. आघात उपान्त्य अवयवावर. होय, तेच उपान्त्य, ज्याच्या ऱ्हस्व-दीर्घापायी शाळेत आपले गुण गेले. म्हणजे कन्येत दाबायचे ते ‘नेच्’. अडचण एवढीच, की शब्द कुठे संपतो हे कळल्याशिवाय दाबायचे कुठे ते कळत नाही. म्हणून मनातल्या मनात शेवटापर्यंत जावे, एक पाऊल मागे यावे, मगच तोंड उघडावे. समोरचा तोवर थांबतो. पाहुण्यांच्या बाबतीत त्याला सवय असते.

‘फूल’चे ‘फुलाला’ होताच आपला दीर्घ ऊ जसा आखडतो, तसा विभक्ती लागली की तिथला आघात सरकतो : ते-ले-फोन, ते-ले-फो-नु, ते-ले-फो-ना-मि. ग्रीक-लॅटिन घराण्यातले ‘मातेमातिका’सारखे शब्द मात्र मागून तिसऱ्यावर अडून बसतात. ‘आम्ही केले असते’ या अर्थाचा ‘ज्रोबिलिबिश्मि’ तर मागून चौथा, ‘बि’, मागतो. बोलताना पुष्कळ पोलिश लोक तिथेही उपान्त्यच दाबतात आणि व्याकरणवाले नाक मुरडतात. आपण नवखे, नाक मुरडणाऱ्यांच्या बाजूने राहावे, तेवढाच भाव खाता येतो.

अर्थ लावायचा तर सोलणेही मागूनच. ‘एच्का’ हे लाडाचे साल. ते निघाले की ‘अमक्याची लेक’ सांगणारा भाग, त्याखाली ‘रहिवासी’, तळाशी शहर. आडनावांचेही तसेच : जुन्या रीतीने नोवाकची बायको ‘नोवाकोवा’ आणि अविवाहित मुलगी ‘नोवाकुव्ना’. आपण पाटलाच्या बायकोची पाटलीण करून थांबलो. त्यांनी मुलीलाही प्रत्यय लावला.

आता बाजारात परीक्षा. अर्ध्या झ्वॉतीचे, म्हणजे ५० ग्रोशांचे नाणे : प्येञ्-जे-शें-चो-ग्रो-शूफ्-का. सात अवयव, आघात ‘शूफ्’वर. पाठ झाले? पण आपल्याला ‘या नाण्यांनी पैसे देतो’ म्हणायचे आहे. तृतीया बहुवचनात शेवटी ‘कामि’ येते आणि आघात ‘का’वर उडी मारतो. अशा वेळी नाणी मुकाट्याने गल्ल्यापाशी ठेवावीत.