गैरहजेरीचे उपकार

जिमला नेमाने जाणाऱ्या माणसाइतका आप्पलपोटा प्राणी दुसरा नाही. वर्षाची फी एकदाच भरायची आणि रोज एसी, ट्रेडमिल, गरम पाणी आणि ट्रेनरचं डोकं वापरायचं. हा खर्च निघतो जानेवारीत पैसे भरून संक्रांतीनंतर तोंड न दाखवणाऱ्यांच्या जिवावर. पण भिंतीवर फोटो लागतो तो दंड फुगवलेल्या फुकट्याचाच.

अतिशयोक्ती वाटत असेल तर अमेरिकेत बघा. देलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या जिमच्या हजेऱ्या तपासून २००६ साली निबंध छापला. महिना ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून चार-पाच वेळाच फिरकत. एक फेरी पडली १७ डॉलरला. तिथेच दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर ती १० डॉलरला पडली असती. वरचे सात डॉलर धर्मादाय.

आपल्याकडे हे गणित काउंटरवरच्या मुलीला तोंडपाठ असतं. “सर, मंथली कशाला? ॲन्युअलच घ्या, मोटिव्हेशन राहतं.” घरूनही दुजोरा मिळतो, “पैसे भरलेत म्हणून तरी जाल.” मग बूट येतात, शेकर येतो, घाम टिपायचा नॅपकिन येतो. एवढ्या खरेदीनंतर माणूस इतका दमतो की सोमवारपासून जाऊ म्हणतो.

‘एकवीस दिवस रेटा, सवय लागते,’ हे ट्रेनरचं आवडतं वाक्य. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. बदललेला चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला किमान एकवीस दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण. आपल्यापर्यंत पोचेतो त्यातलं ‘किमान’ गळलं आणि चेहऱ्याच्या जागी पोट आलं. पुढे लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय मुरायला कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात आढळलं. एवढा एकच निष्कर्ष लोकांनी मनापासून अमलात आणलाय.

स्वसंरक्षणाच्या वर्गांची तऱ्हा निराळी. आठ मार्चच्या सुमारास सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांसाठी असा वर्ग सुरू होतो. पहिल्या दिवशी फोटो आणि मनगट सोडवण्याचा धडा: समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा. गळा धरला तर काय करायचं, हे पुढच्या आठवड्यात; तेव्हा निम्मा हॉल रिकामा. त्यामुळे आमच्या भागातल्या हल्लेखोरांनी कृपया मनगटच धरावं. यावरून बायकांना हसण्याचा हक्क आपल्याला नाही, हेही सांगून ठेवतो. सातचा क्लास म्हणजे साडेसहाला कणीक तिंबून ठेवलेली, मुलाचं प्रोजेक्ट अर्धवट आणि सोफ्यावरून प्रश्न, “आज पण जाणार आहेस?” या पकडीतून सुटायचा डाव कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

कोल्हापूरच्या तालमींत सवयीचं शास्त्र कुणी वाचलेलं नव्हतं. तिथे हौदातली माती पोरांनीच उकरायची. एक आला नाही की त्याचं खोरं दुसऱ्याच्या हातात, म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर बोभाटा. वस्ताद जोडीदाराला घरी पिटाळणार आणि आई स्वतः पांघरूण ओढून पोरगं त्याच्या ताब्यात देणार. धंद्याच्या दृष्टीनं फार घातक पद्धत. जिमवाले शहाणे. ते मोबाइलवर ‘वी मिस यू’ पाठवतात, खाली बदाम, आणि त्याखाली रिन्यूअलवर सूट.

अशाच एका जिममालकाला मी सहज विचारलं, “तुमचे सगळे सभासद एकाच दिवशी आले तर हो?”

त्यानं काउंटरमागच्या मारुतीच्या तसबिरीला घाईघाईनं हात जोडले. म्हणाला, “शुभ बोला, साहेब!”