मदत भरपूर, भाव भंगाराचा

अफगाणिस्तानला पायावर उभं करण्याआधी त्याला उडवावं, असं अमेरिकेच्या मनाने घेतलं. इटलीची जुनी वीस मालवाहू विमानं डागडुजी करून काबूलसाठी घेतली. सगळा मिळून खर्च सुमारे 54.9 कोटी डॉलर. सुट्या भागांची बोंब झाली, विमानं धूळ खात उभी राहिली आणि 2014 मध्ये त्यांतली सोळा भंगारात निघाली. भाव, पौंडाला सहा सेंट. पदरात पडले 32 हजार डॉलर. आपला भंगारवाला निदान वजनकाटा तरी दाखवतो.

गणवेशांची कथा आणखी रसाळ. देशात जंगल जेमतेम दोन टक्के, जवानांच्या अंगावर मात्र हिरवा जंगली छाप! कारण? अफगाण संरक्षणमंत्र्यांना तो आवडला. जादा भुर्दंड 2.8 कोटी डॉलरपर्यंत, असं या मदतीचा हिशेब तपासणाऱ्या अमेरिकेच्याच महानिरीक्षकांनी 2017 मध्ये सांगितलं. शत्रूला जवान लांबूनच दिसावेत, हीही एक पारदर्शकताच म्हणायची.

आपणही हात आखडता घेतला नाही. काबूलमध्ये भारताने संसद भवन बांधून दिलं, 2015 च्या डिसेंबरात थाटात उद्घाटन झालं. 2021 पासून तिथे संसदच नाही. तेव्हा सभात्यागाचीही सोय उरली नाही.