डावीकडं ओढणारं पिस्तूल

भाऊंचा नेम चुकत नाही. चुकतं ते पिस्तूल. वर्ध्यात असे भाऊ गल्लोगल्ली भेटतात. कॅरम हरले की बोर्ड उतरता असतो, निवडणूक हरले की मतदारयादीत घोळ असतो, गाडी दुभाजकाला घासली की दुभाजकच भलत्या जागी असतो. त्यांतल्या एकाच्या हाती एअर पिस्तूल आलं, इतकंच.

तशी आमच्या जिल्ह्याची गंमतच आहे. एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला पुलगाव. दारूबंदीच्या या जिल्ह्यात देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आहे. भाऊंना दोन्हींचा अभिमान. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला कांस्यपदक घेतलं आणि भाऊंनी लगेच पिस्तूल मागवलं. स्वप्निलची रायफल होती, हे पार्सल फोडल्यावर कळलं.

नेमबाजीच्या क्लासात निशाण्याचा कागद दहा मीटरवर. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, छरा साडेचारचा. भाऊंचे छरे मात्र खाली डावीकडं, सात-आठ वाजल्याच्या बाजूला.

"डावीकडं ओढते बाप्पा हे! माहा हात तं एकदम सरळ हाये."

मग उपचार सुरू. छऱ्याचा डबा बदलला. ट्यूबलाइट बदलली. पंख्याचा वारा लागतो म्हणून पंखा बंद केला, त्यामुळं बाकीचे घामाघूम. मुठीच्या लाकडाला कानस मारून झाली. शेवटी स्क्रू-ड्रायव्हर निघाला. छरा जिकडं न्यायचा तिकडं नेम धरायची मागची खाच सरकवायची, हा नियम भाऊंना पाठ आहे, आणि तो बरोबरही आहे. त्यांनी खाच उजवीकडं घेतली, वर घेतली, पुन्हा उजवीकडं घेतली. तरी छरे मधोमध येईनात, कारण भाऊंचा झटका दर वेळी नव्या मापाचा.

क्लासचे सर बिचारे समजावतात. "भाऊ, चाप एकट्या बोटानं, हळूहळू दाबायचा. तुम्ही अख्खी मूठ आवळता. पुढची माशी खाचेत एक मिलिमीटर ढळली तरी तिकडं छरा तीन सेंटीमीटर भरकटतो."

"एका मिलिमीटरनं काय होते जी?" म्हणत भाऊ चहा मागवतात. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, हे सरांनी सांगितलं, तर म्हणाले, "तिचं पिस्तूल चांगलं असन."

एकदा सरांनी युक्ती केली. पाठमोरे उभे राहून स्वतः पिस्तूल भरून द्यायचे. कधी छरा घालायचे, कधी नाही. रिकाम्या बारीला फट् झालं आणि पिस्तुलाच्या नळीनं सगळ्यांदेखत खाली डावीकडं अशी बुडी मारली, की मागच्या बाकावरची पोरं खो-खो हसली. छरा नाही, धक्का नाही, मग नळी हलवली कोणी? भाऊंनी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं. "पाहा! रिकामं असलं तरी ओढते. सवयच लागली हो त्याले."

अखेर सरांनी नववीतल्या एका मुलीला हाक मारली. "काकांच्या पिस्तुलानं पाच मार." हात डगमगला नाही, चेहरा हलला नाही. पाचही छरे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील इतके जवळ जवळ लागले; फक्त वर उजवीकडं, काळ्या वर्तुळाच्या कडेला. भाऊंनी स्क्रू जितका पिळला होता, बरोबर तितक्या अंतरावर.

सरांनी कागद भाऊंपुढं धरला. आता तरी उजेड पडेल, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

भाऊंनी चष्मा चढवला, कागद निरखला आणि पोरीच्या पाठीवर शाबासकी दिली.

"पाहा सर! मी बोंबलून राह्यलो तं कोणी आयकत नव्हतं. एवढी चांगली पोरगी, तरी मधात एक नाही लागला. वाकडंच हाये ते!"

आणि पुरावा म्हणून कागदाची घडी करून त्यांनी ती वरच्या खिशात ठेवली. कंपनीला पाठवायला.