मत मोफत

पुस्तक वाचून संपवायला मला पंधरा दिवस लागतात. मत मात्र पहिल्या पंचवीस पानांतच तयार होतं, आणि एकदा झालं की ते पोटात राहत नाही. तंबाखू मळली की शेजाऱ्यापुढे तळहात करावाच लागतो, तसं मला समोर कुणीतरी लागतं. नोकरी होती तोवर लोकलचा डबा होता. निवृत्त होऊन बेलपाड्याला राहायला आलो आणि गिऱ्हाईक तुटलं. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली तेव्हा जरा आशा वाटली होती. पण अकरा किलोमीटरांत काय डोंबल चर्चा होणार? 'रणांगण' १९३९ साली आली, हे सांगून होईस्तोवर समोरचा माणूस उत्सव चौकाला उतरून गेलेला असतो.

म्हणून सोसायटीत पुस्तक भिशी काढली. सगळ्यांनी महिन्याला पैसे काढायचे, चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने त्यातून पुस्तकं घ्यायची, वाचायची आणि पुढच्या बैठकीत त्यांवर बोलायचं. चिठ्ठी कुणाचीही निघो, बोलायचो मी. लोक तक्रार करत नसत, कारण चहाबरोबर बटाटेवडे असत आणि माझ्या बोलण्यात ते निवांत खाता येत.

भिशीमुळे माझी सल्लागार म्हणून ख्याती झाली. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, "काका, आमच्या चिरंजीवांना काहीतरी वाचायला द्या हो. दिवसभर मोबाइल." चिरंजीव इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी 'कोसला' काढून दिली. १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडे स्वतःच पंचविशीतले होते. म्हटलं, तरुणाने तरुणाचं वाचावं. पोराने दोन रात्रींत फडशा पाडला. पंधरवड्याने वहिनी आल्या त्या पुस्तक हातात न देता टेबलावर आपटूनच. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पंपाचं कार्य विचारलं होतं. ह्याने 'उदाहरणार्थ' म्हणून सुरुवात केली, 'वगैरे' म्हणून शेवट केला आणि मधे पंप कुठेच नव्हता. "आणि आता शिक्षण सोडून गावी जातो म्हणतोय," वहिनी म्हणाल्या. "आमचं गाव मुलुंड आहे!"

एवढ्यावर शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात मला बागेतल्या कट्ट्यावर नाना भेटले.

नाना इथले मूळचे. टॉवर उठायच्या आधीच्या बेलपाड्यातले, आगरी, पंचाहत्तरीच्या पुढचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. खारघरच्या डोंगराकडे तोंड करून बसायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मला वाटलं, या भल्या माणसाला वाचनाची गोडी लावावी. (असं वाटणाऱ्या माणसांपासून देवाने जगाला वाचवावं, हे माझं आजचं मत.) कोकणातला माणूस, तर कोकणातलं द्यावं म्हणून श्री. ना. पेंडश्यांच्या 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड नेऊन दिला. १९८७ची कादंबरी, दोन जाडजूड खंड. वर सांगितलं, "नाना, घाई नाही. जमेल तेवढं वाचा. अडलं तर विचारा."

नानांनी काही विचारलं नाही. महिन्याभराने नुसतं म्हणाले, "दुसरा द्या."

पुढच्या भिशीत मी 'तुंबाडचे खोत'च घेतली. खास पाहुणे म्हणून नानांनाही बोलावलं. आपण वाचक कसे घडवतो हे चार लोकांना दिसायला नको? आधी वातावरणनिर्मिती म्हणून माझा हुकमी किस्सा सांगितला. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालं आणि ही विभावरी शिरूरकर कोण, यावर मराठी मध्यमवर्गाची झोप उडाली. बाई की पुरुष, इथून वाद. त्या निघाल्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. "पुस्तकावरून महाराष्ट्र असा पेटायचा एके काळी," मी म्हणालो. मग जगबुडीच्या काठी गेलो. पिढ्यान् पिढ्यांचा तो खोतवाडा, ते वैभव, तो ऱ्हास. माझाच कंठ दाटून आला. दोन बायकांनी वडे खाली ठेवले. त्या भरात मी नानांकडे वळून म्हणालो, "काय नाना, रडवलं की नाही खोतांनी?"

नाना म्हणाले, "रडवला. आमचे आज्याला."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नानांनी पिशवीतून माझा पहिला खंड काढला. मी कव्हर घालून जपलेल्या त्या पुस्तकाच्या समासात सुताराच्या जाड पेन्सिलीने जागोजागी लिहिलं होतं : कुळ कुठे? पानं उलटत गेलो. वाड्यात काही मोठं घडलं, की शेजारी हे. एका ठिकाणी तर पेन्सिल इतकी दाबलेली की पलीकडच्या पानावर वळ उठलेला.

"पुस्तक बरा हाय," नाना म्हणाले. "मानूस लिवनारा मोठा. पन वाड्यान पिढ्या बसून जेवतान, तो भात कुनी लावला?" मग त्यांनी सांगितलं की आईचं माहेर चरीच्या बाजूचं. अलिबाग तालुक्यातलं चरी. तिथल्या कुळांनी खोतांची शेतं कसायची नाहीत असं ठरवलं, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, आणि संप १९३९ पर्यंत चालला. घरात दाणा नव्हता, पण आज्याने नांगर धरला नाही. मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी १९३७ साली खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. हे नाना सालांसकट बोलत होते.

"संप सुरू कधी झाला?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"तेहतीसला. दिवालीचे सुमाराला."

म्हणजे माझा महाराष्ट्र विभावरी कोण म्हणून पेटला होता त्याच साली. बैठकीतल्या निम्म्या माना माझ्याकडे वळल्या. चेअरमनसाहेब अदबीने म्हणाले, "तुम्ही यावर वाचलं असेलच." मी "अर्थात" म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून आपोआप येतो. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. "पुस्तकाचं नाव द्या ना, पुढच्या भिशीत घेऊ."

मी वड्याचा मोठा घास घेतला. तो चावता येईल तितका वेळ चावला. चेअरमनसाहेब पेन धरून थांबले होते, त्यांना कुठे जायची घाई नव्हती. शेवटी नानाच म्हणाले, "सायेबांनी मना पुस्तक दिला म्हनून मना हा सगला आठवला. त्यांना सांभालून घ्या."

पुढच्या बैठकीपासून बोलायचं काम नानांकडे गेलं. लोक आता वडे आधी संपवून घेतात. मला अध्यक्षीय समारोपाची दोन मिनिटं ठेवली आहेत, तीही वीज गेली तर रद्द. 'बनगरवाडी' झाली तेव्हा शाळामास्तरावर माझं एक अप्रतिम मत तयार होतं, ते अजून तसंच पडून आहे. कुणाला हवं असल्यास संध्याकाळी मी बागेतच असतो.

'तुंबाडचे खोत'चा दुसरा खंड मात्र परत आला नाही. परवा धीर करून गावठाणात नानांच्या घरी गेलो. ते म्हणाले, पुतण्या वाचतोय, त्याच्यामागे गावकीतल्या दोघांनी नंबर लावलाय. मी बरं म्हणून चपला घालायला लागलो, तर आतून हाक आली.

"सायेब, पेन्सिल संपली हाय. येताना येक घेऊन या."