स्विंडनची सोमसूत्री

इंग्लंडमधील स्विंडन शहरात, काउंटी ग्राउंड या फुटबॉल मैदानालगत, पाच रस्ते एके ठिकाणी येऊन मिळतात. पाच रस्ते मिळाले की मध्ये एक गोल बांधायचा आणि सगळ्यांना त्याभोवती फिरवायचे, ही जगाची रीत. स्विंडनने एकाऐवजी सहा गोल बांधले. मध्यभागी एक मोठा आणि त्याच्याभोवती, प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक याप्रमाणे, पाच छोटे. या रचनेचे नाव ‘मॅजिक राउंडअबाउट’. जवळ येणाऱ्या चालकाला रस्त्याकडेच्या मोठ्या फलकावर तिचा नकाशा दिसतो. एका वर्तुळाभोवती बाणांची पाच वर्तुळे असे ते चित्र असून, रस्ता दाखवण्यापेक्षा पत्रिका मांडण्याशी त्याचे साम्य अधिक आहे. ग्रह ओळखू येईपर्यंत गाडी चौकात पोचलेली असते.

प्रत्येक छोट्या गोलात तीन बाजूंनी वाहने येतात: बाहेरच्या रस्त्यावरून, डावीकडच्या शेजारी गोलाकडून आणि उजवीकडच्या शेजारी गोलाकडून. तिन्ही तोंडांशी रस्त्यावर तुटक पांढरी रेघ असते. तिचा अर्थ एवढाच, की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. पाच गोल, प्रत्येकी तीन तोंडे, म्हणजे एका चौकात पंधरा वेळा ‘आधी तुम्ही’. लग्नाच्या पंगतीतही इतका आग्रह होत नाही.

सगळ्यांत जास्त धसका बसतो तो दिशेचा. इंग्लंडमध्ये, भारताप्रमाणेच, वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे गोलाला वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे रीतसर प्रदक्षिणेसारखा पडतो. स्विंडनमध्ये बाहेरच्या बाजूने वाहने याच दिशेने जातात. पण आतल्या बाजूने, मोठ्या गोलाला लागून, ती उलट फिरतात. पाहुण्याला वाटते, समोरून येणारा चुकला. समोरच्याला तसे वाटत नाही, कारण तो रोज याच रस्त्याने कामावर जातो.

याचे स्पष्टीकरण मात्र साधे आहे. मोठ्या गोलाभोवतीचा रस्ता दुतर्फा आहे. दुतर्फा रस्त्यावर प्रत्येकाने आपली डावी बाजू धरली, की एका दिशेची वाहने बाहेरून आणि दुसऱ्या दिशेची आतून जाणारच. घड्याळाच्या दातेरी चाकांचेही असेच असते. शेजारची चाके सुलट फिरली तर मधले उलट फिरते. शंकराच्या देवळात पिंडीची पन्हाळी ओलांडायची नाही म्हणून भाविक तिथपर्यंत जाऊन उलट पावली परततो आणि उरलेला फेरा दुसऱ्या बाजूने पुरा करतो. या सोमसूत्री प्रदक्षिणेची सवय असलेल्याला स्विंडनचे नवल वाटू नये. फरक इतकाच, की देवळात मागून लॉरी येत नाही.

उलट फेऱ्याचा उपयोग उजवीकडे वळताना कळतो. लगतच्या उजव्या रस्त्याला जायचे असेल, तर बाहेरून जाणाऱ्याला इतर तीन रस्त्यांची तोंडे पार करावी लागतात. आतून जाणारा आपला छोटा गोल उजव्या हाताला ठेवून त्याला वळसा घेतो, मोठ्या गोलाला लागतो आणि पुढच्याच छोट्या गोलावरून बाहेर पडतो. दोन्ही मार्गांना मुभा आहे. एक गर्दीने भरला की दुसरा धरता येतो. या चौकाची खरी करामत ही निवड.

ही करामत फ्रँक ब्लॅकमोर यांची. ते सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेत वाहतुकीचा अभ्यास करत. ब्रिटनमध्ये १९६६पर्यंत गोलात आधी कोणी जायचे याचा सर्वत्र लागू असा नियम नव्हता. आत येणारे घुसत राहत, आतले बाहेर पडू शकत नसत आणि गोल तुंबे. १९६६मध्ये उजवीकडच्याला मान देण्याचा नियम आला आणि आतल्यांची सुटका झाली. मग इतक्या मोठ्या गोलाची गरजच काय, असा प्रश्न ब्लॅकमोर यांना पडला. त्यांनी छोटे गोल करून पाहिले, छोट्यांच्या जोड्या करून पाहिल्या आणि १९७२ मध्ये स्विंडनला एकदम पाच मांडले. सुरुवातीला प्रत्येक छोट्या गोलापाशी एक पोलीस उभा असे. काही दिवसांनी पोलीस गेले आणि वाहतूक चालू राहिली.

चौकाचे पहिले नाव ‘काउंटी आयलंड्स’. लोकांनी ते मनावर घेतले नाही. बीबीसीवर १९६५पासून ‘द मॅजिक राउंडअबाउट’ ही मुलांची बाहुल्यांची मालिका लागत असे. इंग्रजीत राउंडअबाउट म्हणजे रस्त्यावरचा गोल आणि जत्रेतला लाकडी घोड्यांचा गोल पाळणाही. स्विंडनकरांनी तेच नाव चौकाला चिकटवले आणि पुढे नगरपालिकेनेही ते मान्य करून फलकावर लिहिले.

नवख्या चालकाचे वागणे साधारण ठरलेले असते. रेघेपाशी येताच पाय आपोआप ब्रेकवर जातो. मान उजवीकडे वळते, तिथे कोणी नाही असे दिसते. तरी मान पुन्हा उजवीकडे वळते, कारण इतक्या रेघांमागे काहीतरी असणारच. मागचा हॉर्न वाजवत नाही; इंग्लंडमध्ये हॉर्न वाजवणे जवळजवळ अपशब्दात मोडते. शेवटी गाडी हळूहळू पुढे सरकते, चुकीच्या रस्त्याला लागते, आणि शेजारी बसलेले माणूस नकाशा मिटून खिडकीबाहेर पाहू लागते. ही भीतीच चौकाचे संरक्षण करते. बावरलेला चालक वेग वाढवत नाही आणि कमी वेगात टक्कर झालीच तर जखम बहुधा बंपरला होते. मतचाचण्यांत ब्रिटनच्या धडकी भरवणाऱ्या चौकांमध्ये नाव घेतल्या जाणाऱ्या या जागी गंभीर अपघात त्या मानाने कमी होतात.

पाटीवर या ‘आधी तुम्ही’ची खूण सगळीकडे जवळपास सारखीच, उलटा त्रिकोण. अमेरिकेतली रस्ता देण्याची पहिली पाटी १९५०मध्ये ओक्लाहोमातील टल्सा शहरात लागली. ती क्लिंटन रिग्ज या पोलीस अधिकाऱ्याची कल्पना. महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याच्या परीक्षेला जाणारा उमेदवारही हा त्रिकोण पाठ करतो आणि परवाना मिळेपर्यंत लक्षात ठेवतो.

स्विंडनला भावंडेही आहेत. हेमेल हेम्पस्टेड येथे १९७३मध्ये सहा छोट्या गोलांचा चौक झाला. स्विंडनला सराव झालेला चालक तिथे निभावतो, कारण नियम तोच, गोल एक जादा. पॅरिसमध्ये आर्क द त्रिऑम्फभोवतीच्या चौकात मात्र ही विद्या कामाला येत नाही. तिथे बारा रस्ते मिळतात, गोल एकच आहे, आणि उजवीकडच्याला मान देण्याचा नियमही आहे. पण फ्रान्समध्ये वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे उजवीकडून येतो तो आत शिरणारा. आधी आत असलेल्याने थांबायचे आणि नव्याने येणाऱ्याने घुसायचे. स्विंडनहून शिकून आलेला तिथे उजवीकडे पाहतो, नियमाप्रमाणे थांबतो, आणि येणाऱ्यांची रांग संपण्याची वाट पाहत राहतो.